नानांनी ग्रुप सोडला

*ताई,*

*मी नाशिकरोडला राहते, वय 41. नवरा, मुलगी, मी आणि सासरे असं चौघांचं घर. सासऱ्यांना आम्ही नाना म्हणतो. ते पोस्टातून सब-पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले. सासूबाई गेल्यापासून त्यांचा सगळा वेळ मोबाइलमध्ये जातो. रोज पहाटे पावणेसहाला घरच्या ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि 'सुप्रभात', मग दिवसभर फॉरवर्ड. गेल्या महिन्यात त्यांनी 'युनेस्कोने जन गण मनला जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत जाहीर केलं' हा मेसेज तिसऱ्यांदा टाकला. ऑफिसला निघायची घाई होती, मी वैतागले. हे खोटं असल्याची लिंक टाकली आणि खाली लिहिलं, 'नाना, आता तरी पुरे करा. लोक हसतात.' त्याखाली पुण्या-मुंबईच्या भाचरांनी हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग लावली. दहा मिनिटांत नाना ग्रुपमधून बाहेर.*

*याला पाच आठवडे झाले. जेवायला बसतात, भाजी वाढू का विचारलं तर नुसती मान हलवतात. अकोल्याच्या आत्यांचा फोन आला, 'दादाचा सकाळचा मेसेज येत नाही, बरा आहे ना?' परवा तर वेगळंच कळलं. एका ओळखीच्या नंबरवरून त्यांना लग्नपत्रिकेची फाइल आली होती. उघडावी की नाही ते त्यांना कळेना, पण दोन दिवस त्यांनी कोणाला विचारलं नाही. मुलीने सहज फोन हातात घेतला म्हणून समजलं. मिस्टर म्हणतात, माफी माग. मी म्हणते, मी खोटं काय बोलले? माझं चुकलं का? आणि यांना आवरायचं कसं?*

*— एक सून*

तुला 'तू' म्हणते. माझ्या भाचीच्या वयाची आहेस.

चुकलं का, याचं उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे शेवटपर्यंत जीव मुठीत धरून वाचायला नको. मजकुराबाबत तुझं शंभर टक्के बरोबर. युनेस्को राष्ट्रगीतांना नंबर देत नाही. हा मेसेज व्हॉट्सॲपच्या आधीपासून, ई-मेलच्या जमान्यापासून फिरतोय. लिंक टाकलीस तीही ठीक. पण 'लोक हसतात' हे दोन शब्द चुकले, आणि ते सगळ्या गोतावळ्यासमोर लिहिलेस हे जास्त चुकलं. माफी मागायची तर त्या दोन शब्दांची माग. युनेस्कोची मागू नकोस, नाहीतर चौथ्यांदा येईल तो मेसेज.

आता माझी गोष्ट ऐक. मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. 2006 सालचा ऑगस्ट. लायब्ररीत इंटरनेट येऊन थोडेच दिवस झाले होते आणि मी रोज दुपारी मेल उघडून बसायचे. एक दिवस मेल आला की 27 ऑगस्टच्या रात्री साडेबाराला आकाशात पाहा, मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार आहे, आभाळात दोन चंद्र दिसतील, असा योग पुन्हा 2287 साली. मी हरखले. प्रिंट काढली, नोटीस बोर्डावर चार टाचण्यांनी लावली, खाली सही केली आणि 'ग्रंथपाल' असा शिक्काही मारला. शिक्का हाताशी असला की माणसाला तो मारावासा वाटतोच.

तीन दिवसांनी फिजिक्सचे सर काउंटरशी आले. बोर्डाकडे त्यांनी पाहिलंही नाही. 'बाई, चहा घेऊ या का?' म्हणाले. कँटीनमध्ये त्यांनी इश्यू स्लिपच्या पाठीमागे दोन आकडे लिहिले. मंगळ पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येतो तेव्हाही आकाशात जेमतेम 25 विकला रुंद दिसतो (एका अंशाचे 3600 भाग केले की त्यातला एक म्हणजे विकला), म्हणजे डोळ्यांना एक तांबूस ठिपका. पौर्णिमेचा चंद्र साधारण 1800 विकला. मग त्यांनी 25 गुणिले 75 मांडलं आणि उत्तर माझ्याकडून काढून घेतलं. 1875.

'आलं का लक्षात?' ते म्हणाले. मूळ मेलमध्ये वाक्य असं होतं की 75 पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पाहिलं तर मंगळ नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या चंद्राएवढा दिसेल. हे अगदी खरं! पण मेलमध्ये ते वाक्य मध्येच तुटून दोन ओळींत गेलं होतं. पुढे पाठवता पाठवता दुर्बिणीची ओळ गळाली, डोळ्यांची राहिली. आणि ती घटना होती 27 ऑगस्ट 2003ची. त्या दिवशी मंगळ साधारण 5 कोटी 58 लाख किलोमीटरवर आला होता, जवळपास 60 हजार वर्षांत आला नव्हता इतका जवळ. पुढे मेलमधून साल गळालं, तारीख तेवढी राहिली. म्हणून तो दर ऑगस्टला नव्याने उगवतो, अळंब्यासारखा.

कान तापले माझे. 'काढून टाकू का कागद?' विचारलं. सर म्हणाले, 'तुम्ही लावलाय, तुम्हीच ठरवा.' मी कागद काढला नाही. त्याच्या शेजारी लाल शाईने 'दुरुस्ती' असा मथळा देऊन 25 गुणिले 75 चं गणित लावलं, त्यावरही शिक्का मारला. पोरं पहिल्या कागदापेक्षा दुसऱ्यापाशी जास्त थांबली. एवढं होऊनही मी साताऱ्याला बहिणीला फोन करून आधीच सांगून ठेवलं होतं ते निस्तरायचं राहून गेलं. तिची दोन्ही पोरं भुरभुर पावसात साडेबारापर्यंत गच्चीवर बसली. वर ढग होतेच, आणि नसते तरी काय दिसणार? त्या दिवसांत मंगळ सूर्याच्या मागोमाग संध्याकाळीच मावळत होता. आभाळात नव्हताच तो! थोरला भाचा आता इंजिनिअर आहे आणि अजून मला 'मंगळमावशी' म्हणतो.

तो महिनाच तसा होता म्हणा. त्याच ऑगस्टच्या 18 तारखेला मुंबईत माहीमला समुद्राचं पाणी गोड झाल्याची आवई उठली. मिठी नदीचं सगळं सांडपाणी जिथे येऊन मिळतं त्या खाडीचं पाणी लोकांनी बाटल्या भरभरून नेलं, लेकरांना पाजलं. पालिका ओरडून सांगत होती, पिऊ नका. पावसाचं गोडं पाणी खाडीत येऊन साचल्याने खारटपणा कमी झाला, असं आयआयटीतल्या जाणकारांचं म्हणणं पडलं. पाठोपाठ दोनतीन दिवसांत देशात ठिकठिकाणी मूर्ती पुन्हा दूध प्यायला लागल्या. पुन्हा म्हणजे, पहिल्यांदा ते 21 सप्टेंबर 1995ला झालं होतं. तेव्हा कुठलं व्हॉट्सॲप? एसटीडी बूथच्या जोरावर एका दिवसात ती बातमी देशभर आणि देशाबाहेरही गेली. चमचा सोंडेला टेकवला की पृष्ठताणाने दूध ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून ते ओघळताना दाखवलंही. पण रांगेत उभ्या माणसाला रंग कोण दाखवणार? मीही होते त्या रांगेत. वाटी घेऊन.

हे सगळं सांगायचं कारण, फसणं हे म्हातारपणाचं लक्षण आहे असं तुझ्या पत्राच्या ओळीओळीतून डोकावतं. तसं नाही गं. 2016च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नोटेत जीपीएसची चिप असल्याचं सांगणारे लोक सुटाबुटात टीव्हीवर बसलेले होते. नोट जमिनीखाली कितीही खोल पुरली तरी उपग्रहाला दिसेल म्हणे. जीपीएस हे नुसतं संदेश घेणारं यंत्र. उलट संदेश धाडायला बॅटरी लागते, ती कागदात कुठे कोंबणार, हे विचारायला इंजिनिअर व्हायची गरज नव्हती. पुढे 19 मे 2023ला त्या नोटा चलनातून मागे घ्यायचं जाहीर झालं. चिप असती तर रिझर्व्ह बँकेने घरबसल्या मोजून घेतल्या असत्या की.

आता नानांकडे येते. तुझ्या पत्रात एक शब्द आहे, त्यावरून तू सहज पुढे गेलीस आणि मी तिथेच अडकले. सब-पोस्टमास्तर.

या माणसाने उभी हयात काय केलं? आलेलं टपाल उघडायचं नाही, आत काय आहे ते बघायचं नाही, कोणाचं अडवायचं नाही, आणि आजचं आजच पुढे धाडायचं. दुसऱ्याचं पत्र उघडणं हा पोस्टाच्या माणसासाठी गुन्हा. फॉरवर्डच्या खाली लोक लिहितात ना, 'जसा आला तसा पुढे पाठवत आहे', ते वाक्य इतर कोणी लिहिलं तर हात झटकणं असतं. नानांच्या बाबतीत तो नोकरीचा नियम आहे! तू त्यांना एका सकाळी 'पुरे करा' म्हणालीस. त्यांच्या दृष्टीने तू पोस्ट बंद केलंस.

आणि अकोल्याच्या आत्या. त्यांना गुलाबाच्या फुलाचं कौतुक नव्हतं. दादा उठला, दादा ठीक आहे, एवढी एक तार रोज पावणेसहाला मिळत होती. फूल हा तिचा लिफाफा.

तेव्हा पहिलं काम हे कर. नानांना संतोषीमातेच्या पोस्टकार्डांबद्दल विचार. तुला कदाचित आठवत नसतील. आमच्या लहानपणी दारात कार्ड पडायचं, वर 'संतोषीमाता प्रसन्न', खाली मजकूर की अशीच 21 पत्रं लिहून पाठवा, अमक्याने पाठवली त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडून टाकलं त्याचा मुलगा गेला. शेवटची ओळ वाचून आई घाबरायची. कार्ड तेव्हा 15 पैशांचं. एकवीस कार्डांचे 3 रुपये 15 पैसे, शिवाय दोन दुपारी लिहिण्यात जायच्या. वडील म्हणायचे, 'देवीपेक्षा पोस्ट खातंच जास्त प्रसन्न झालं असेल.' आई शेवटी पाचसात लिहायची आणि उरलेल्याबद्दल देवीची माफी मागायची. सगळी अफवा त्या 3 रुपये 15 पैशांत अडकायची. आज एकवीसशे जणांना धाडायलाही काही पडत नाही.

म्हणून तर व्हॉट्सॲप कंपनीला पुन्हा अडसर घालावा लागला. आणि तो घालायला लावणाऱ्या घटनांत एक आपल्याच राज्यातली. 1 जुलै 2018, रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते. त्यांच्यातला कोणी एका लहान मुलीशी बोलला म्हणे. मुलं पळवणारी टोळी आलीय हे मेसेज मोबाइलवर आधीच फिरत होते. जमावाने पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारलं. त्या महिन्यांत देशभर जो एक व्हिडिओ फिरत होता, मोटरसायकलवरून दोघे येतात आणि पोराला उचलून नेतात, तो मुळात कराचीतल्या एका संस्थेची जाहिरात होती, पालकांना सावध करणारी. जाहिरातीच्या शेवटी ते पोराला परत आणून सोडतात आणि पाटी दाखवतात. कोणीतरी शेवट कापला. मंगळाच्या वाक्याचं जे झालं तेच, फक्त इथे माणसं गेली.

त्याच जुलैत व्हॉट्सॲपने आलेल्या मेसेजवर 'फॉरवर्डेड' अशी खूण सुरू केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. जानेवारी 2019मध्ये ते जगभर लागू झालं. जो मेसेज पाच किंवा जास्त हातांतून आलाय त्यावर दोन बाण दिसतात, आणि एप्रिल 2020पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी जातो. नानांना ते दोन बाण दाखव. त्यांच्या भाषेत सांग की हे अनेक पोस्टांतून फिरून आलेलं पत्र आहे, प्रेषकाचं नाव नाही, शिक्का पुसलाय. असं पत्र पोस्टात काय करायचे, हे तूच त्यांच्याकडून ऐकून घे.

फोटोचा शिक्का शोधायला गुगल लेन्स आहे. फोटोवर बोट दाबायचं, शोधायचं, आधी तो कुठे आणि कधी छापून आला ते बघायचं. एकदा शिकवलंस तर त्यांना आवडेल असं मला वाटतं, कारण शिक्क्यातलं गाव आणि तारीख वाचणं हे त्यांचं जन्माचं काम. सुरुवात गमतीच्या फोटोने कर. पूर आला की रस्त्यावर पोहणाऱ्या शार्कचा फोटो हटकून येतो. मुळात आफ्रिकेच्या समुद्रात एका होडीमागे निघालेल्या शार्कचा तो फोटो. 2011च्या वादळात कोणीतरी तो कापून पोर्तो रिकोच्या रस्त्यावर चिकटवला, आणि तेव्हापासून जगातल्या हरेक पुरात तो शार्क हजर. गंमत पुढे आहे. 2022 साली फ्लोरिडात वादळ आलं आणि फोर्ट मायर्सच्या एका परसात पाण्यात वळवळणाऱ्या मोठ्या माशाचा व्हिडिओ निघाला. सगळे म्हणाले, झालं, आला तो जुना शार्क. तपासलं तर व्हिडिओ खरा! शार्कच असावा, असं जाणकारही म्हणाले. तेव्हा नानांचा एखादा फॉरवर्ड खरा निघाला तर तोंड वाकडं करू नकोस, ग्रुपवर मोठ्याने सांग.

सगळीच भांडी घासायला घ्यायची नसतात, हेही लक्षात ठेव. युनेस्को, दोन चंद्र, नासाने टिपलेला दिवाळीचा रंगीबेरंगी भारत, यांनी कोणाच्या ताटातली पोळी जात नाही. (तो दिवाळीचा फोटो म्हणजे 1992पासून 2003पर्यंतच्या रात्रीच्या उजेडाच्या नोंदी वेगवेगळ्या रंगांत एकावर एक ठेवून केलेला नकाशा. दिवाळीचा जादा उजेड वरून जवळपास कळतच नाही, असं नासाने 2012ला खरा फोटो दाखवून सांगितलं. मला जरा वाईटच वाटलं.) असे मेसेज सोडून दे. फार तर संध्याकाळी चहाच्या वेळी शेजारी बसून बोल.

ज्याने पैसा, औषध किंवा जमाव हलतो ते मात्र तिथल्या तिथे थांबवायचं. छातीत दुखायला लागलं की जोरजोरात खोकत राहा, असा एक मेसेज आहे. तो कोणाच्याही फोनवर दिसला तर पुसायला लाव. घरी एकट्याने खोकत बसण्यात जी वेळ जाते तीच मोलाची असते. त्या वेळेत 108ला फोन लावायचा.

आणि आता ती लग्नपत्रिका. तुझ्या पत्रातली खरी धोक्याची जागा ही आहे, आणि तू ती शेवटी दोन ओळींत उरकलीस.

खरी पत्रिका मोबाइलवर येते ती फोटो म्हणून, पीडीएफ म्हणून, नाहीतर सनईवाला व्हिडिओ म्हणून. ज्या फाइलच्या नावाच्या शेवटी एपीके आहे, ते कागदपत्र नसतं, ते ॲप असतं. पत्रिका उघडायला गेलं की फोन विचारतो, 'अनोळखी ठिकाणचं ॲप इन्स्टॉल करू का?' जगातली कुठलीही पत्रिका वाचायला इन्स्टॉल करावी लागत नाही. एवढं एक वाक्य नानांना सांगितलंस तरी पुरे. पुढे ते ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. दिली की बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे जातात. ती फाइल ओळखीच्या नंबरवरून येते कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो आणि त्याच्या यादीतल्या सगळ्यांना त्याच्या नावाने पत्रिका जातात. म्हणून, ज्यांच्या नंबरवरून ती आली त्यांना आजच साधा फोन करून सांगा. त्यांना बहुतेक पत्ताच नसेल. हाच खेळ आता गाडीच्या दंडाच्या पावतीच्या नावानेही चालतो.

उघडलं गेलंच असतं तर? पहिल्यांदा फोनचं इंटरनेट बंद करायचं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवायचं आणि 1930 लावायचा, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. जितक्या लवकर फोन तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त. हा नंबर फ्रिजवर चिकटव. मोबाइलमध्ये सेव्ह करून काय उपयोग, मोबाइलच बंद करायचाय.

तसाच तो 'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे पोलीस ठाण्याचा देखावा, तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका. कायद्यात अशी अटक नाहीच. ऑक्टोबर 2024मध्ये खुद्द पंतप्रधानांना 'मन की बात'मध्ये ते सांगावं लागलं. यातलं कळीचं वाक्य 'कोणाला सांगू नका' हे आहे. चोराला तुमचा ओटीपी नंतर हवा असतो. आधी त्याला तुम्ही एकटे हवे असता.

आता बघ, नानांनी ती फाइल दोन दिवस उघडली नाही. त्यांना शंका आली. हुशार माणूस आहे तो! बुद्धी शाबूत होती, विचारायला तोंड नव्हतं. विचारलं तर सून म्हणेल, 'लोक हसतात.' या वेळी नात मध्ये आली म्हणून निभावलं. तुझ्या जागी मी असते तर ग्रुपवर काय येतं याची फिकीर सोडून दिली असती आणि एवढंच पाहिलं असतं की या घरात कोणीही कितीही वेडगळ प्रश्न फोन पुढे करून विचारू शकतो की नाही. सुरुवात तुझ्यापासून कर. तुला आलेला एखादा मेसेज घेऊन त्यांच्याकडे जा, 'नाना, हे खरं वाटतंय का बघा बरं, मला कळत नाहीये.' खोटं बोलायचं नाही हं, खरंच न कळणारा शोध. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले फोटो आणि आवाज इतके बेमालूम असतात की तुला तो सहज सापडेल. पूर्वी हाताची सहा बोटं मोजून पकडता यायचं, आता तेही दिवस गेले. मुलाच्या आवाजात 'बाबा, पैसे पाठवा' असा फोन येऊ शकतो. तो ठेवून आपणच मुलाच्या नेहमीच्या नंबरवर उलटा फोन करायचा, हे नानांना आणि तुम्हा दोघांनाही माहीत असू दे.

माफी कशी मागायची, असं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. ग्रुपवर मागू नकोस, तिथे पुन्हा बघ्यांची गर्दी होईल. शिवाय 'सॉरी नाना' म्हणून वर 'पण' जोडलास तर मुकाट राहिलेलं बरं. त्यांच्या खोलीत जा, बस, आणि म्हण, 'मी ते सगळ्यांसमोर लिहायला नको होतं.' पुढचं वाक्य त्यांना बोलू दे. कदाचित लगेच बोलणारच नाहीत. पाच आठवडे धरून ठेवलेला राग एका चहात उतरत नाही. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, या वेळी आत्यांचा विषय काढ. 'अकोल्याहून फोन होता, सकाळचं फूल येत नाही म्हणून आत्या काळजीत आहेत.' माझा अंदाज, ते आत्यांना वेगळा मेसेज टाकतील. तेवढ्यावर थांब.

ग्रुपचा ॲडमिन कोण ते तू लिहिलं नाहीस. तू असलीस तर न विचारता त्यांना परत घालू नकोस. ओढून आणलेला माणूस दुसऱ्यांदा कायमचा जातो. त्यांची तयारी दिसली तर एक काम त्यांच्याकडे दे. संशयास्पद मेसेज आला की ग्रुपवर टाकण्याआधी सगळ्यांनी तो नानांना धाडायचा, आणि नानांनी शिक्का बघून निकाल द्यायचा. खरा, खोटा, किंवा 'पत्ता अपुरा'. हसणाऱ्या भाचरांना आधी सांगून ठेव. त्यातल्या एखाद्याने गेल्या वर्षभरात काय काय फॉरवर्ड केलंय ते शोधलंस तर त्याचं हसू आपोआप आवरेल.

नानांचे निकाल कधी चुकतील. चुकू देत. बाहेर बोलावून चहा पाजणारं कोणीतरी घरात असलं की झालं.

आणि त्या पोस्टकार्डांचं तेवढं विचारून मला नक्की कळव. पोस्टातली माणसं ती वाचायची का, वाटायची का, की एखादं टेबलाच्या खणात राहून जायचं? मला फार वर्षांपासून ते जाणून घ्यायचंय. आमच्या आईने न पाठवलेल्या चौदा-पंधरा पत्रांचा हिशोब अजून बाकी आहे.

— ताई